तलावावरची हिरवी जमीन

डोणगावच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. जालन्याच्या एका मैत्रिणीनं मला ओंजळभर पाणवनस्पती दिली. पाण्यावर तरंगणारं नेचं. माशांच्या टाकीत शोभतं, म्हणाली. गच्चीवरच्या टबात ते सोडलं आणि मी त्याच्या नादाला लागले. पान पाण्यात कितीही दाबून धरलं तरी वर कोरडंच यायचं. भिंगातून पाहिलं, तर पानभर उभे केस आणि प्रत्येकाचं टोक ताक घुसळायच्या रवीसारखं. त्या इवल्या रव्यांत हवा अडकून चांदीसारखी चमकायची. याला फूल नाही, बी नाही. देठाचा तुकडा मोडला की तेच नवं झाड. पंधरा दिवसांत टब भरला. दुसरा आणला, तोही भरला.

मग मी ते विकू लागले. मासे पाळणाऱ्यांचे मोबाईलवर ग्रुप असतात. फोटो टाकला की मागणी यायची. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं नेचं नागपूरला गेलं, कोल्हापूरला गेलं, इंदूरला गेलं. आपल्या गच्चीवरचं काहीतरी जिवंत इतकं लांब पोचतं, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

एकदा ऑस्ट्रेलियातून मागणी आली. माणूस मराठीच होता. "खोक्यावर फक्त वाळलेली फुलं लिहा," असं त्यानं कळवलं. मी तसं लिहिलं आणि मेहकरच्या पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी खोकं हातात घेतलं, जरा हलवलं.

"मॅडम, काय हाय याच्यात?"

"वाळलेली फुलं."

"मंग हे इतकं जड अन् गार काऊन लागून राह्यलं?"

त्यांनी खोकं परत माझ्याकडे सरकवलं. "जिवंत झाड बाहेरदेशी पाठवाचं तं सरकारी तपासणी लागते, दाखला लागते. अन् त्या देशात ते चालते का, हे आधी पाहा लागते. तुम्ही तं शिकवता न पोरायले." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मागे रांग होती. मी खोकं पदराआड धरून बाहेर आले.

घरी येऊन मी बुलढाण्याच्या माझ्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या देशात ते बंदी असलेलं तण आहे. तू पाठवलं असतं तर गुन्हा झाला असता," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "टब भरला की जास्तीचं कुठं टाकतेस?"

घरामागे नाला होता. जास्तीचं मी त्यातच टाकत आले होते. नाला पुढे पाझर तलावाला मिळतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेले. काठावर उभी राहिले आणि पाणी शोधू लागले. पाणी नव्हतंच. या काठापासून त्या बंधाऱ्यापर्यंत हिरवं, सपाट, घट्ट विणलेलं. वारा आला तरी लाट उठेना. माझ्यादेखत बकरीचं एक पिल्लू जमीन समजून त्यावर उतरलं आणि दिसेनासं झालं. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या भोईकाकांनी उडी घेऊन त्याला कानाला धरून बाहेर काढलं. तलावातली मासेमारी त्यांच्याकडेच होती.

"जाळं टाकाले जागा नाही राह्यली," पिल्लाला पुसत ते म्हणाले. "खाली मासोळ्यायले दम लागून राह्यला. कुठून आलं हे, समजत नाही."

मी सांगितलं. गच्ची, टब, नाला, सगळं.

त्यांनी पिल्लू खाली सोडलं. "एका ओंजळीचं?"

"हो."

"अन् मी समजून राह्यलो होतो का हे कोण्या सरकारी योजनेतलं व्हय."

राग आला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही. त्याच दुपारी त्यांनी दोन बांबू एकमेकांना बांधले, दोर लावला आणि मला एक टोक दिलं. दोन महिने शाळा सुटल्यावर आणि रविवारी आम्ही ते नेचं काठावर ओढलं. भिजलेल्या गोधडीसारखं जड यायचं. गच्चीवरचे टब मी उन्हात रिकामे केले आणि ज्यांना ज्यांना पार्सल पाठवलं होतं त्या सगळ्यांना लिहिलं: नाल्यात, विहिरीत टाकू नका, कडक वाळवून जाळा. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. इंदूरच्या एकानं शेततळ्याचा फोटो पाठवला. त्यात तळं दिसतच नव्हतं.

एके दिवशी काकांनी आठवडाभर वाळत पडलेला ढीग पायानं उकरला. वरून तपकिरी, चुरचुरीत. आत ओलसर हिरवं होतं, आणि एका मोडक्या देठाला दोन नवी पानं फुटली होती. काका उकिडवे बसले. मीही बसले. आम्ही दोघं त्या पानांकडे नुसते पाहत होतो.

"काय जीव हाय हो बाई याच्यात," ते हळूच म्हणाले.

मग आम्ही तो ढीग पातळ पसरला.

आता तलावाच्या मध्यावर पाणी मोकळं आहे, रोहू उडी मारतो तेव्हा आवाज येतो. पाणकणसांच्या कोपऱ्यात मात्र दरवर्षी ते नेचं पुन्हा दिसतं. काकांचा फोन येतो, आणि मी जाते.