आर्डिसची पळी

आर्डिस टोर्विकच्या स्वयंपाकघरातून वस्तू नाहीशा व्हायच्या त्या एकाच दिशेने, तळघराच्या जिन्याने खाली. तिचं नरसाळं गेलं. कॉफीच्या डब्यांची झाकणं गेली, औषधाच्या रिकाम्या बाटल्या गेल्या. नखांना लावायचा लाल रंग तिने एका नाताळात हौसेने आणला होता. तो तिच्या नवऱ्याने, ऑरिनने, काडतुसांच्या बुडांवर खुणा करायला नेला. आर्डिसने कधी तक्रार केली नाही. गव्हाच्या शेतावर, पाच भावांत वाढलेली बाई. पुरुषांच्या वस्तू पुरुषांच्या आणि बायकांच्या वस्तू सगळ्यांच्या, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

ऑरिन धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करायचा आणि शिकारीचे दिवस जवळ आले की तळघरात बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. अमेरिकेत माँटानातल्या त्या गावात निम्मे पुरुष तेच करत. ऑरिनच्या बाकावर त्याच्या बापाचं ओतीव लोखंडाचं दारूमाप बसवलेलं होतं. वरच्या नळकांड्यात बंदुकीची दारू भरायची. दांडा वर केला की टक्, खाली केला की टुक्, आणि ठरलेली मात्रा खाली काडतुसाच्या पितळी पुंगळीत. बाकी सगळं घरी केलेलं. फळीला भोकं पाडून केलेला पुंगळ्यांचा ठोकळा, सायकलच्या तारेचे ब्रश, आणि दारू मोजायची पळी. जुनी पुंगळी कापून तिला दांडा डागायचा आणि हवी तेवढीच दारू मावेपर्यंत कानस मारत राहायचं. ही पळी कोणी विकत आणत नसे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला पहिली पळी आपल्या हाताने करून द्यायची, अशी तिथली रीत. ऑरिनला बापाने दिली होती.

दारूमापाचा दांडा चालू असताना जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. लक्ष उडालं की एका पुंगळीत दोनदा दारू पडते आणि बंदूक फुटते. म्हणून लग्न झाल्यापासून आर्डिस वर गप्प बसून टक्-टुक् ऐकत आली होती. तिला वाटायचं, या माणसाला बोलायची आवडच नाही.

एके वर्षी ऑरिनचा शिकारीतला जोडीदार मर्ल वारला. उन्हाळा सरता सरता त्याची बायको लव्होन एक लाकडी पेटी घेऊन दारात उभी राहिली. पेटीत मर्लची सगळी अवजारं होती. मर्लची बंदूक यंदा आपण चालवणार, म्हणाली. ऑरिनने भरायला शिकवावं. ऑरिन लगेच हो म्हणाला. विचार करायलासुद्धा थांबला नाही.

मग दर गुरुवारी दुपारी लव्होन येऊ लागली. येताना पेस्टी आणायची, करंजीच्या आकाराच्या, आत मांस आणि बटाटा. ब्यूटच्या खाणकामगारांच्या घरातली ती, तिथे पेस्टी रोजचीच; त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑरिन दोन-दोन खायचा. आर्डिसच्या मटणाच्या रश्श्याला त्याने आजवर ‘बरं आहे’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

पण पेस्टीचं एवढं नव्हतं. खालून टक्-टुक् यायचं आणि त्याच्याबरोबर ऑरिनचा आवाज यायचा. तो बोलत होता. मर्लच्या गमती सांगत होता, हसत होता. आर्डिस बटाटे सोलता सोलता थांबायची आणि कान द्यायची. शब्द कळत नसत, म्हणून जास्तच जळायची.

एका गुरुवारी लव्होनने वर येऊन कौतुकाने आपली पळी दाखवली. पितळ घासून लख्ख केलेलं. दांडा चांदीचा, वेलबुट्टीचा. आर्डिसच्या आईने लग्नात दिलेल्या चमच्याचा तो दांडा. चमचा तुटला तेव्हा आर्डिसने दोन्ही तुकडे ड्रॉवरमध्ये जपून ठेवले होते.

“छान आहे,” आर्डिस म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ऑरिन लव्होनला तिच्या गाडीपर्यंत सोडायला गेला आणि आर्डिस तळघरात उतरली. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दारूमापाचं नळकांडं अर्धं भरलेलं होतं आणि बाकावर डबा नव्हता. नळकांडं रिकामं होईपर्यंत त्यातल्या दारूचा डबा शेजारीच ठेवायचा, हे या घरात मांजरालाही ठाऊक होतं. फळीवर वेगवेगळ्या जोराच्या दारूचे दोन उघडे डबे होते. दोन्हींतले दाणे सारखेच काळे.

गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं. दोष लव्होनवर जाईल, गुरुवार बंद होतील. मग वाटलं, ऑरिनने अंदाजाने भलत्याच डब्यात ओतली आणि बंदूक फुटली तर? तिने नळकांडं काढलं, ते घेऊन अंगणात गेली आणि त्या दोघांच्या देखत दारू फुलांच्या वाफ्यात ओतून टाकली.

“आर्डिस, हे काय चाललंय?”

“डबा जागेवर नव्हता. कुठली होती ते सांग, भरून ठेवते.”

ऑरिनला ते आठवेना. लव्होन घाईने म्हणाली, “माझ्याच हातून झालं असेल.”

“नाही,” ऑरिन म्हणाला. “डबा मी उचलला. मी बोलत होतो.”

जेवताना आर्डिसनेच विषय काढला, की माझ्याशी कधी बोलला नाहीस इतका.

“बोललो नाही तर ती रडायला लागते,” ऑरिन म्हणाला. “रडत्या बाईच्या हातात दांडा कसा देऊ?”

“मग मीपण रडायला हवं होतं म्हण की.”

त्याने पावाचा तुकडा मोडला.

“माझा चमचा तिला दिलास.”

“तुटका होता गं.”

“तुटका होता, पण माझा होता. मला पळी करून दे.”

“तू बंदूक चालवत नाहीस.”

“कॉफी करते ना रोज? ती मोजायला.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. हसला नाही. शनिवारी त्याने बापाच्या वेळची जाड, एकदाही न वापरलेली पुंगळी शोधून काढली आणि दिवसभर कानस मारली. पळी टेबलावर ठेवली तेव्हा तिला तोच वेलबुट्टीचा दांडा होता. खाली बाकावर ठेवलेल्या लव्होनच्या पळीला कुंपणाची तार लागली.

गुरुवारी शिकवणी संपवून लव्होन कॉफीला बसली तेव्हा आर्डिसच्या हातातली पळी तिने लगेच ओळखली.

“मर्लने मला कधी काही करून दिलं नाही,” ती हळूच म्हणाली. “दार लावून बसायचा खाली. बघू जरा?”

तिने हात पुढे केला. आर्डिसला तिची दया आली, नाही असं नाही. तिने लव्होनच्या नावाची एक पळी जास्तीची घातली, कॉफी कडक व्हावी म्हणून. मग पळी कॉफीच्या डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

“कॉफी होतेच आहे,” ती म्हणाली. “पेस्टी काढ तोवर.”