गौरीचा चिमटा

शाळा सुटली तरी पंखा चालूच राहिला होता. त्याच्या वाऱ्याने भिंतीवरच्या दोरीला लावलेले कपड्यांचे लाकडी चिमटे हलत होते. प्रत्येक चिमट्यावर एका मुलाचं नाव. सकाळी आल्यावर जसं वाटत असेल, त्या चेहऱ्याच्या चित्राखाली आपला चिमटा लावायचा आणि इंग्रजीत एक वाक्य बोलायचं. आमची शाळा सेमी इंग्रजी. कल्पना माझी, तिचं कौतुकही मीच करवून घेतलेलं.

गौरीला शब्द उशिरा सापडतात. पहिल्या दिवशी तिने रडक्या चेहऱ्याखाली चिमटा लावला आणि बराच वेळ थांबून म्हणाली, "बाई, पोटात धडधडतंय."

"अगं, धडधड छातीत होते," मी हसले. "आणि इंग्लिशमध्ये सांग बरं."

वर्गही हसला. गौरीने चिमटा काढून हसऱ्या चेहऱ्याखाली लावला. "आय ॲम हॅपी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

तेव्हापासून रोज सकाळी तिचा चिमटा तिथेच. पालकसभेत मी म्हटलं, "गौरी किती आनंदात असते हल्ली!" "हो का?" तिच्या आईने विचारलं.

आज पंखा बंद करता करता मी तो चिमटा हातात घेतला. दोन्ही टोकं दातांनी कुरतडलेली, नाव अर्धं गेलेलं. मला आश्चर्य वाटायचं काही कारणच नव्हतं. "आधी तो तोंडातून काढ, मग बोल," असं रोज सकाळी मीच तिला सांगत आले होते.