नाव न सांगणाऱ्या बायकांचा ब्लॉग

ब्रह्मपुरीला आमचं शिलाई मशीनचं दुकान होतं. विक्रीही आणि दुरुस्तीही. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका. कोणी कधी मशीन नेली, कोणता पार्ट बदलला, सगळं बाबांच्या डोक्यात असायचं. पुढे ते विसरायला लागले. एकीचं शटल त्यांनी तीन महिन्यांत दोनदा बदललं आणि तिनं भर दुकानात त्यांचा उद्धार केला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि नको तितकी हुशार. म्हटलं, मी करते काहीतरी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

कोर्समध्ये शिकलेल्या प्रोग्रॅमात यादी करायला बसले, तर घोडं अडलं नावापाशी. त्याला नाव, आडनाव, फोन असं सगळं हवं; एक रकाना रिकामा राहिला की तो पुढे सरकेना. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, आणि स्वतःचं विचारलं तर पोराची माय म्हणून सांगायच्या. फोन असलाच तर गावातल्या किराणा दुकानाचा.

मग रस्त्यापलीकडच्या नेट कॅफेत बसून मी एक फुकटचा ब्लॉग उघडला. लोक त्यावर कविता लिहीत, मी गिऱ्हाइकं लिहिली. एक बाई, एक पोस्ट. शीर्षकात काहीही चालायचं: 'पिंपळाजवळचं घर, काळी मशीन, धाकटी सून'. गावाचं लेबल लावायचं. दुरुस्ती झाली की खाली कॉमेंट टाकायची, तारीख आपोआप पडे. आम्हा दोघांशिवाय कोणाला दिसणार नाही अशी सोय केली. बाबा आठवडी बाजाराला निघाले की मी त्या गावाच्या बायका कागदावर उतरवून द्यायची. बाबा अख्ख्या बाजारपेठेत सांगत सुटले, "मायी पोरगी इंटरनेटवर दुकान चालवून राह्यली!" मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मला नागपूरला एमसीए करायचं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. म्हणून दिवाळीपासूनच मी बाबांना ब्लॉग शिकवायला घेतला. इंग्रजी अक्षरं त्यांना पार्टांच्या नंबरांमुळे ओळखू यायची. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कालचं आज आठवत नसे. "मायाच्यानं नाई होत बाप्पा," म्हणून ते कॅफेतून उठून जात.

जुलैत नागपूरला माझा नंबर लागला. बाबा म्हणाले, "तू जा ना, कोन अडवून राह्यलं? पन हे कोन पाहीन?"

कोणी अडवत नव्हतं, हेच तर वाईट होतं. कोणी अडवलं असतं तर मी भांडले तरी असते. कॅफेच्या प्लायवूडच्या खोपट्यात, वीज जाईल या धास्तीनं मी भराभर टाइप करायची. हे ब्लॉगचं सगळं मीच उभं केलं होतं, आणि माझ्याशिवाय ते चालत नव्हतं. फी भरायची शेवटची तारीख आली तशी गेली. वर्गातल्या दोघी नागपूरच्या बसमध्ये बसल्या. मी स्टँडवर जायचंसुद्धा टाळलं.

ऑगस्टमध्ये एक बाई मशीनचं मुंडकं कापडात गुंडाळून घेऊन आली. मागे काय केलं होतं ते बघायला मी कॅफेत जाऊन तिची पोस्ट उघडली. खाली एक कॉमेंट होती, मी न लिहिलेली. रोमन अक्षरांत, तुटक: 'सुई मोडली होती. पट्टा ढिला. बाई रागात होती, चहा देल्ला.' तारीख संक्रांतीच्या नंतरची. त्या आठवड्यात मी वरोऱ्याला मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते.

मी तशीच दुकानात आले. बाई बाहेर बाकावर बसली होती. बाबा मशीनला तेल घालत होते.

"बाबा, तुमाले येते ना हे?"

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "येते."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"सांगतलो असतो त तू गेली असती."

खोटंनाटं काही नाही, सारवासारव नाही. मला रडू आलं, रागही आला, आणि कुठला आधी आला ते आजही सांगता यायचं नाही. त्या दिवसापासून ब्लॉग बाबाच बघायला लागले, माझ्यापेक्षा नीट. मला थांबवायला त्यांच्याकडे आता कुठलंच कारण उरलं नव्हतं. पुढच्या जुलैत नंबर पुन्हा लागला, आणि तरी मी गेले नाही; 'तू गेली असती' हे ऐकल्यावर त्यांना एकटं टाकून माझ्याच्यानं निघवेना.