देवळीतल्या फुलदाण्या

हिवतापाच्या फवारणीसाठी मी पांढरकवड्याकडच्या गावांत फिरायचो, तेव्हा प्रत्येक घरात शिरताना एकच सांगायचो, आधी देव बाहेर काढा. नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या एका घरीही सवयीनं तेच बोलून गेलो, कारण भिंतीतल्या देवळीत काहीतरी चमकत होतं.

"देव कवाच नदीत सोडले, भाऊ," घरातली बाई म्हणाली. "ह्या माह्या फुलदाण्या हायेत."

मग तिनं त्या एकेक करून अंगणात आणल्या. साच्यात दाबून केलेली नारिंगी, जांभळट काच. उन्हात जराशी कलती केली की पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखे रंग तिच्यावरून सरकत. एक माशाच्या आकाराची होती, एक बांगड्या घातलेल्या हाताची.

"वरून फासलेला रंग ओल्या पदरानं निघते," ती म्हणाली. "मी दुकानातच घासून पाहातो. दुकानदार चिडते. चिडू दे."

"कुठून आणता?"

"केळापूरच्या जत्रेतून. आताही जातो. देवीपाशी नाही, काचवाल्यापाशी."

मी मासा उचलायला हात पुढे केला.

"पहिले हात धुवा."

हातांवर फवारणीची पांढरी भुकटी होती, त्यामुळे तिचं बरोबरच होतं. तिनं लोट्यानं वरून पाणी ओतलं. आमच्या गावच्या विहिरीवर तिच्या जातीच्या माणसांना असंच वरून पाणी मिळायचं. मी ओंजळ धरून वाकलो. तिला काही घाई नव्हती.

हात कोरडे झाल्यावर मासा तिनंच माझ्याकडे दिला.

"दोन्ही हातानं धरा," ती म्हणाली.