परतीची बस कुठून?

सुटी मिळाली की मी एकटीच डोंगरात नाहीतर कोकणात भटकायला जाते, आणि सुरुवात होते स्वारगेटच्या चौकशी खिडकीपाशी. आतले गृहस्थ वर बघत नाहीत. बस विचारली की पेनाच्या टोपणाने भिंत दाखवतात. "वेळापत्रक तिथे लावलंय. आपण शिकलेल्या दिसता." मग फलाट सांगतात, आणि वर ठरलेला प्रश्न: "एकट्याच? परतीची बस कुठून धरणार?"

मला राग यायचा. एवढं तर मी घरीही सांगत नाही! तरी फाट्याचं नाव तोंडातून निघून जायचंच.

गेल्या महिन्यात एक गड उतरताना पाय मुरगळला. अंधारून आलं, फोनला रेंज नाही. शेवटची बस फाट्यावर आली तेव्हा मी अजून शेताच्या बांधावर लंगडत होते. हात केला असता तरी दिसले नसते. पण बस आपणहून थांबली आणि हॉर्न वाजवत राहिली. कंडक्टर खाली उतरून बॅटरी फिरवत होता.

"सावकाश या, ताई. निघतानाच स्वारगेटच्या साहेबांचा फोन आला होता. सॅकवाल्या बाई फाट्यावर दिसल्या नाहीत तर जरा थांबा म्हणाले."

सीटवर टेकले आणि मला रडूच फुटलं.

पाय बरा झाल्यावर पेढे घेऊन खिडकीपाशी गेले. त्यांनी पुडा आत ओढला आणि वर न बघताच म्हणाले, "आभार राहू द्या. चला, मागे रांग आहे."

मी वळून पाहिलं. मागे कोणीही नव्हतं.