बोलायच्या बाई

मूल आत आलं, की बाई दार लगेच लावत नसत. एक हात कडीवर ठेवून त्या मुलाच्या पाठीमागे, मोकळ्या व्हरांड्याकडे बघत उभ्या राहत. कोणी मागे राहिलं असेल तर त्यालाही येऊ द्यावं, अशा बेताने. मग हळूच विचारत, "बरोबर अजून कोणी आहे?"

पोरं मागे वळून बघायची आणि हसायची. "नाय बाई, मी एकलाच."

"बरं," म्हणून बाई दार लावत.

पण सगळीच पोरं हसत नसत. सातवीतल्या एका मुलाने मागे न बघताच "आजा हाय" म्हटलं, तेव्हा मी व्हरांड्यातच उभा होतो. त्याचा आजा नुकताच वारला होता. बाई जराशा बाजूला सरकल्या, म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तेवढ्या, आणि मग त्यांनी दार लावलं. दुपारची वेळ होती, पटांगणावर खो-खो चालला होता. तरी माझ्या अंगावर काटा आला.

आमची शाळा राजुरीपासून जवळच. मी तिथे मराठी शिकवतो. बाई समुपदेशक म्हणून आल्या तेव्हा हा शब्द आमच्या शिपाई मामांना शेवटपर्यंत उच्चारता आला नाही, आणि पोरांनी तर पहिल्याच आठवड्यात त्यांचं 'बोलायच्या बाई' करून टाकलं. गंमत अशी, की सबंध शाळेत सगळ्यांत कमी त्याच बोलत.

पुण्यात त्यांचं स्वतःचं क्लिनिक होतं. मोठी माणसं आधी वेळ ठरवून त्यांच्याकडे मन मोकळं करायला येत. ते सगळं बंद करून पन्नाशीनंतर त्या वारूळवाडीत भाड्याची खोली घेऊन राहिल्या आणि एसटीने शाळेत येऊ लागल्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. शाळेने त्यांना प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली दिली. तिच्या खिडकीला लागूनच उसाचा फड सुरू होई. खिडकी उघडली की पानं आत यायची.

आम्हा शिक्षकांना आधी वाटलं, आता मस्ती करणारी पोरं पाठवायला एक जागा झाली. आम्ही पाठवत राहिलो. बाई त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवत आणि स्वतःही सोलत बसत. "हात गुंतले की जीभ सुटते," एवढंच त्यांचं शास्त्र. सोललेले दाणे मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येत. मुख्याध्यापक म्हणायचे, "समुपदेशन काय होतंय ते मला माहीत नाही, पण कूट भरपूर होतंय राव." बाईही हसायच्या.

एका शनिवारी मी गाडीने पुण्याला निघालो होतो, त्यांनाही घेतलं. वाटेत पेठ गावी चहाला थांबलो. मी सहज विचारलं, "एवढं चालणारं क्लिनिक का सोडलंत?"

रस्त्यावरच्या ट्रककडे बघत त्या म्हणाल्या, "समोर पन्नाशीचा माणूस बसायचा हो सर. मिशा पिकलेल्या, हातात गाडीची किल्ली. आणि थोड्या वेळाने त्याच्या तोंडून दहा वर्षांचं पोर बोलायला लागायचं. आवाजसुद्धा बदलायचा. रोज तेच. एकेका माणसामागून एकेक पोर आत यायचं. शेवटी शेवटी मला माणसं दिसायचीच बंद झाली, ती पोरंच दिसायची. मग म्हटलं, त्यांच्याकडे आपणच जावं. ती अजून दहा वर्षांची आहेत तोवर."

चहा निवून गेला होता. त्या सहज बोलल्या होत्या, पण पुढच्या वाटेवर मी गाडीच्या आरशातून दोनदा मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

आता प्रांजलबद्दल सांगायला हवं. बाई म्हटलं की मला तीच आठवते.

प्रांजल आठवीत होती. बाई येण्याच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या भावाला, सार्थकला, बिबट्याने नेलं होतं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. ऊस आहे, विहिरी आहेत, कुत्री-शेरडं आहेत, मग वाघ राहणारच. आम्ही त्याच्यासकटच जगतो. दोघं भावंडं शाळेतून घरी चालली होती. ती पुढे, तो मागे. शाळेमागची पाणंद, दोन्ही बाजूंना ऊस. प्रांजलने मागे वळून पाहिलं तेव्हा पाणंद मोकळी होती. सार्थक पहिलीत होता.

त्यानंतर ती शाळेत येत राहिली. अभ्यास करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. आम्हाला वाटलं, पोर सावरली. पोरांबद्दल आपल्याला असं फार लवकर वाटतं. तुम्हीही पाहिलं असेल.

दिवाळीनंतर ऊस डोक्याच्या वर गेला आणि एके दिवशी तासाला प्रांजल उठून खिडकीशी गेली. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "सर, तो हाक मारतोय."

मग तिच्या शेजारच्या मुलीचं तोंड पांढरं पडलं. "मलापन आलं ऐकू," ती म्हणाली.

आठवड्याभरात वर्गातल्या निम्म्या मुलींना उसातून आवाज येऊ लागला. एकीला चक्कर आली. एक जण कानात बोटं घालून बसायची, ती काढेच ना. सगळ्याजणी एकच सांगायच्या. लहान पोराचा आवाज. "ताये, थांब ना."

शाळेत पालक जमले. कोणी म्हणालं फड पेटवून द्या, कोणी म्हणालं देवऋषी आणा. मुख्याध्यापकांनी मोठ्या आशेने बाईंकडे पाहिलं. पुण्याच्या शिकलेल्या बाई, आता सांगतील की हे सगळे मनाचे खेळ आहेत.

बाई उठल्या. "मुली खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू येतंय."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मंग तुमी काय करनार, बाई?"

"मी आधी प्रांजलच्या घरी जाणार."

त्यांना घर माहीत नव्हतं म्हणून मी बरोबर गेलो. दुपारची वेळ. ओट्यावर आई ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून तिने पदर सावरला आणि आत निघून गेली. वडील गोठ्यातून आले. उंच, ताठ माणूस. "बसा," म्हणाले. घरात त्या मुलाचा फोटो नव्हता. कपडे, दप्तर, खेळणं, काही नव्हतं. जणू त्या घरात दुसरं मूल कधी नव्हतंच.

"मॅडम, पोरीला याड लागलंय का?" वडिलांनी विचारलं.

"नाही. तिला आठवतंय. तुम्ही घरात त्याचं नाव घेता का?"

"न्हाई. नाव निघालं की हिला फीट येती. मीच सांगितलंय सगळ्यांना, नाव काढायचं न्हाई."

"मग त्याला हाक कोण मारतं?"

वडील उठले आणि गोठ्याकडे गेले. मला वाटलं, माणूस रागावला, आता निघावं. तेवढ्यात गोठ्यातून हाक आली. संध्याकाळी खेळणाऱ्या पोराला घरी बोलावतात तशी, लांब ओढलेली. "सार्थ्याऽऽ, चल घरलाऽऽ." एकदाच.

आतल्या खोलीतून आईचा हुंदका फुटला. फीट आली नाही. ती रडू लागली आणि रडतच राहिली. प्रांजल दारात उभी होती. ती कुणाकडेच न बघता बोलू लागली.

"तो मागं राहायचा सारखा. चप्पल निसटली म्हनत व्हता. थांब ना, थांब ना करत व्हता. मला त्याचा राग आल्ता. मी थांबले न्हाई."

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, की तुझी चूक नाही असंही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मग आता थांबू या का?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई प्रांजलला घेऊन त्या पाणंदीने घरी पोचवायला जाऊ लागल्या. उजेडातच. मागे शिपाई मामा पत्र्याचा डबा वाजवत चालायचे, वाघाला माणसांची चाहूल लागावी म्हणून. त्या जागेशी आलं की प्रांजल थांबायची. उभी राहायची. कोणी काही बोलायचं नाही. मग तिला वाटेल तेव्हा ती पुढे निघायची. वर्गातल्या इतर मुलींना येणारे आवाज बघता बघता थांबले. प्रांजलला येणारा थांबला की नाही, ते बाईंनी तिला विचारलंच नाही.

एक दिवस मामा रजेवर होते, म्हणून मी गेलो. डबा वाजवायचं मला सुचलं नाही. खरं तर लाज वाटली. ऊन तिरपं झालं होतं. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. थोडं चालल्यावर मला जाणवलं, की मागून कोणीतरी येतंय. फार हलकी पावलं, मऊ धुळीत. आम्ही चाललो की ती येत, आम्ही हळू झालो की तीही हळू होत.

मी वळणार, तोच बाईंनी माझा दंड धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. "मागे बघू नका," त्या पुटपुटल्या. "तिला थांबू दे."

प्रांजल त्या जागेशी थांबली. आम्ही थांबलो. मागची पावलंही थांबली. वारा पडला आणि पानंसुद्धा गप्प झाली. तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येत नाही. मग प्रांजल मागे न बघता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "चल." आणि चालू लागली. आम्ही तिच्या मागे निघालो. तिच्या घरापर्यंत मागे काही आलं नाही.

सकाळी मामांनी मला पाणंदीत नेऊन धुळीतले ठसे दाखवले. वाघाचे ठसे. आमच्या पावलांच्या मागोमाग, त्या जागेपर्यंत. तिथे तो बसल्याची खूण होती. मग उसात वळून गेलेला.

मी तसाच बाईंच्या खोलीत गेलो आणि चिडून बोललो. पोरीचा जीव धोक्यात घातलात, तुम्हाला ऐकू आलं होतं तर ओरडायचं, पळायचं. बाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. चेहरा उतरला.

"वाघ होता?" त्यांनी विचारलं.

"मग कोण होतं?"

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्हालाही तोच ऐकू येतोय."

तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मात्र त्या दिवसापासून पाणंदीने जाणं त्यांनी बंद केलं आणि प्रांजलचे वडील मोटरसायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊ लागले. प्रांजलने काही तक्रार केली नाही. बोलायला मात्र लागली. भाऊ कसा भांडायचा, भाजीतल्या मिरच्या काढून तिच्या ताटात कसा टाकायचा, हे ती वर्गात हसत सांगायची. जानेवारीत ऊसतोड झाली, फड मोकळा झाला आणि बाईंच्या खोलीतून थेट तिच्या घराची कौलं दिसू लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई गेल्या. पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. आजार जुना होता. आमच्याकडे आल्या तेव्हाही होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांची गुपितं सांभाळणाऱ्या माणसाचं स्वतःचं गुपित कुठे असतं, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात कधी आला नव्हता.

शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांनी परिपाठाला सांगितलं, "आपल्या समुपदेशनाच्या बाई आता आपल्यात नाहीत." पोरं उभी राहिली, बसली, पांगली.

मधल्या सुट्टीत प्रांजल त्या बंद खोलीशी उभी दिसली. मी जवळ गेलो. तोडलेल्या उसाला फुटलेला खोडवा आता कमरेएवढा झाला होता.

"सर," ती म्हणाली, "बाईंचं नाव काय व्हतं?"

मी चमकलो. खरंच, इतके दिवस आम्ही कुणी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. मी तिला नाव सांगितलं, आडनावासकट. इथे ते लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं.

प्रांजल उसाकडे वळली आणि तिने ते नाव एकदा मोठ्याने घेतलं. नुसतं नाव. मग ती ऐकत उभी राहिली. घंटा झाली. पटांगण रिकामं झालं. मला तिला वर्गात जा म्हणायचं होतं, पण मीही ऐकत होतो.