न झालेली प्यादेमात

एका चालीत मात होती. वजीर उचलायचा, शेवटच्या रांगेत नेऊन ठेवायचा, संपलं. समोरच्या राजाला पळायला जागा नव्हती आणि मध्ये घालायला सोंगटी नव्हती. हे सगळं मला लख्ख दिसत होतं. मुद्दाम सांगते, कारण पुढे पुष्कळ भल्या माणसांनी माझी कीव करून "अगं, दिसलं नसेल तुला" असं म्हटलं. दिसलं होतं. दिसूनही मी वजीर होता तिथेच ठेवला आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं. वर खुर्चीला टेकून अशी ऐटीत बसले, की जणू हॉलमधल्या परदेशी पाहुण्यांनी आता उठून माझी आरतीच करायची बाकी आहे.

चौदा वर्षांची होते. त्या वयात माणूस थोडं गाढव असतं म्हणतात. मी कळपाची पुढारी होते.

असं का केलं ते कळायला आमचा ओटा माहीत असायला हवा. आमचे बाबा जंगलातल्या लाकूड डेपोवर कारकून होते. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली हे त्यातलं एक गाव. डेपोत सागवानाच्या थप्प्या, थप्प्यांवर हातोड्याचे शिक्के, आणि कचेरीसमोर एक लांबलचक दगडी ओटा. दिवस मावळायच्या आधी काम थांबलं की त्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. पट म्हणजे सागाची फळी, तिच्यावर खिळ्याने ओढलेली घरं. सोंगट्या डेपोच्याच सुताराने कोरलेल्या. हत्तीला सोंड होती, उंटाला मान होती, आणि एका घोड्याला रंधा लागून कान उरला नव्हता. कारकून, गाडीवान, चौकीदार, जो मोकळा असेल तो खेळायला बसायचा.

बाबांना या खेळाचं वेड होतं. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. दहाव्या वर्षी मी त्यांना हरवायला लागले आणि बाराव्या वर्षी ओट्यावर माझी कायमची जागा झाली: खांबाला लागून, दुसऱ्या पायरीच्या वर. गाडीवान मला 'वकीलबाई' म्हणत, कारण मी प्रत्येक चालीवर भांडायची.

ओट्याचे कायदे आपल्या देशी खेळाचे होते. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. राजाला शह लागलेला नसेल तर त्याला सगळ्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येणार. समोरच्याला हलायला एकही चाल उरली नाही, तर कोंडी करणाऱ्याने आपली चाल परत घ्यायची आणि त्याला जागा करून द्यायची, कारण कोंडून मारणं हे चोराचं काम. आणि सगळ्यांत वरचा मान प्यादेमातीचा. राजाला शेवटचा शह प्याद्याने द्यायचा. वजिराने मात करणं म्हणजे बंदुकीने चिमणी मारणं. तशी मात केली की डाव जिंकला जायचा, पण कोणी मान वर करून बघायचंदेखील नाही. प्यादेमात झाली तर मात्र हरणारा स्वतः उठून जिंकणाऱ्यासाठी चहा सांगायचा.

तर अशा शाळेत मी शिकलेली.

आई मी लहान असतानाच गेली होती, घर आत्याबाईंच्या हातात होतं. त्या बाबांच्या थोरल्या बहीण. आवाज असा, की त्यांनी परसात हाक मारली की डेपोतले रेडे थांबायचे. चौदावं लागलं तसं त्यांनी माझा परकर काढून घेतला, हातात लुगडं दिलं आणि फर्मान काढलं, की लुगडं नेसली त्या दिवसापासून ओटा बंद. वाढलेली पोर बाप्यांच्यात मांडी घालून बसते, लोक काय म्हणतील. मी रडले, जेवले नाही, म्हणजे आत्याबाईंसमोर जेवले नाही. बाबा नुसते पानाला चुना लावत बसले.

नेमक्या त्याच हिवाळ्यात लिलावाला नागपूरचे एक शेठ आले. लाकडाचे मोठे व्यापारी, बुद्धिबळाचे शौकीन. ओट्यावर बसले आणि आत्याबाईंची नजर चुकवून आलेल्या माझ्याकडून ओळीने तीन डाव हरले. तिसऱ्या डावात मी त्यांना प्यादेमात दिली. शेठनी चहा सांगितला, पण बशीतला चहा त्यांनी ज्या नजरेने प्यायला ती मला अजून आठवते. जाताना ते बाबांना म्हणाले, की नागपुरात बुद्धिबळाचे सामने भरवतो आहोत, सिलोन, ब्रह्मदेश, इराण असे बाहेरच्या देशांचे खेळाडू येणार, एकाचं येणं रद्द झालं आहे, पोरीला घेऊन या. त्यांचं मन मोठं होतं असं बाबा शेवटपर्यंत म्हणत. मला वाटतं, मला कोणीतरी हरवताना त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

आत्याबाई अर्थातच नाही म्हणाल्या. मग बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सौदा केला. पोरीने नागपुरात एक, फक्त एक डाव जिंकला, तर तिने लुगडं नेसून ओट्यावर बसायचं. नाही जिंकला, तर पट माळ्यावर.

आत्याबाई जरा वेळ सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक डाव. आन तो बी सरळ जिंकलेला. मागून मले तुमच्या खेळातल्या भानगडी सांगू नोका."

झालं. तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि माझ्या लुगड्याला टोचायच्या अर्धा डझन पिना घेऊन आम्ही लाकडाच्या ट्रकने बल्लारशाला आणि तिथून रेल्वेने नागपूरला पोचलो.

तिकडचा खेळ विलायती नियमांनी होणार, हे शेठनी आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजाला उडी नाही, त्याऐवजी राजा आणि हत्ती मिळून एक वेगळी चाल करतात. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. माझी जन्मभराची खोड आहे, मान मी लगेच हलवते, डोकं मागाहून येतं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि पहिला धक्का म्हणजे हत्तीला सोंडच नव्हती. नुसता बुरूज. उंट कुठला तेही ओळखू येईना; डोक्यावर चीर पाडलेली एक टोपी होती, तोच म्हणे उंट. प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ. चाल केली की खटका दाबायचा. मला तो खटका इतका आवडला, की पहिल्या डावात मी चाल करण्याआधीच दाबत होते.

पहिला डाव ब्रह्मदेशातल्या एका चष्मेवाल्या तरुणाशी पडला. त्याने प्यादं दोन घरं टाकलं. नियम माहीत असूनही मला ते रांगेत घुसल्यासारखं वाटलं. मी आपली बाणेदारपणे एकेक घर चालत राहिले. व्हायचं तेच झालं, त्याची फौज माझ्या दारात आली तेव्हा माझी अजून अंथरुणातच होती. राजा अडचणीत आला. तेव्हा मी शांतपणे राजा उचलला, घोड्याची उडी मारून कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि खटका दाबला. तरुणाने राजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पंचांना हात केला. पंच नागपूरचेच एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी राजा परत जागेवर ठेवला. मी भांडले. म्हटलं, याला अजून एकदाही शह लागलेला नाही, उडी शिल्लक आहे, वाटलं तर त्यालाच विचारा. पलीकडे दोरीमागे उभे असलेले बाबा माझ्या बाजूने मान डोलवत होते. शेठनी तोंडावर रुमाल धरला होता.

तो डाव गेला. त्याच्या पुढचेही गेले. एकात मी पिन टोचली म्हणून ओरडले आणि समोरच्या इराणी गृहस्थाला वाटलं मी शह दिला. होता होता शेवटचा डाव राहिला, आणि माझ्या नावापुढे भोपळा. ओट्यावरची माझी जागा, तो खांब, संध्याकाळचं भांडण, सगळं या एका डावावर आलं होतं. बाबांनी काही उपदेश केला नाही. फक्त माझ्या पदराची पिन नीट करून दिली आणि म्हणाले, "ओट्यावर बसल्यासारखी बस."

त्यांना काय ठाऊक, मी ते किती मनावर घेणार आहे.

शेवटच्या डावाला समोर सिलोनचे एक म्हातारे शाळामास्तर होते. पांढरा कोट, पांढऱ्या मिशा. बसण्याआधी मला वाकून नमस्कार करणारा त्या हॉलमधला पहिला माणूस. मी मांडी घातली, चक्क खुर्चीवर, आणि खेळायला लागले. आणि खेळ लागला हो. तोवर विलायती नियम अंगवळणी पडले होते, प्यादी दोन घरं टाकायची लाजही गेली होती. दुपार कलली तेव्हा मास्तरांकडे उरला होता कोपऱ्यात दडलेला राजा आणि दुसऱ्या टोकाला माझ्या प्याद्याला डोकं लावून अडकलेलं एक प्यादं. माझ्याकडे राजा, वजीर, आणि त्यांच्या राजाच्या दारात उभं असलेलं एक सुंदर प्यादं.

वजीर शेवटच्या रांगेत गेला की मात. पण प्यादं एक घर सरकवलं, तर पुढच्याच चालीला त्याच प्याद्याने शह, आणि तीच मात. नागपुरात, परदेशी माणसावर, प्यादेमात. डोळ्यांसमोर सगळा ओटा उठून चहा सांगताना दिसला. शिवाय मास्तर इतके सज्जन, त्यांना बंदुकीने कसं मारायचं.

सरकवलं प्यादं. दाबला खटका.

मास्तर पटाकडे बघत राहिले. मग मिशीत हसले. त्यांच्या राजाला शह नव्हता, पण हलायला घरही नव्हतं. अडकलेलं प्यादं तर हलणारच नव्हतं. मलाही ते दिसलं, आणि ओट्यावरच्या रिवाजाने मी लगेच हात पुढे केला, की थांबा आजोबा, मी प्यादं मागे घेते, तुम्हाला जागा करून देते. पंचांनी माझा हात हळूच धरला. त्यांनी मराठीत समजावलं, की इथे चाल परत घेता येत नाही, आणि राजाला शह नसताना हलायलाच जागा नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. दोघांना अर्धा-अर्धा गुण. मास्तरांनी उठून हात पुढे केला. मी कधी पुरुषाशी हात मिळवला नव्हता, म्हणून वाकून त्यांच्या पायाच पडले. मग ते गोंधळले. मी तिथून पळून बाबांजवळ गेले आणि मग काय रडले, काय रडले. शेठचासुद्धा रुमाल खाली आला.

परतीच्या गाडीत बाबांनी अर्धा गुण कसा सांगायचा याची तालीम केली. "हरली नाही" असं सांगून बघितलं. "परदेशी माणसाला बरोबरीत रोखलं" हे त्यांना जास्त पसंत पडलं. वरोऱ्याच्या पुढे ते जवळजवळ जिंकल्याच्या सुरात म्हणायला लागले होते. बल्लारशाला ट्रकमध्ये चढताना मात्र पुन्हा "हरली नाही"वर आले.

डेपोवर उतरलो तेव्हा उन्हं तिरपी होती आणि ओटा भरलेला. घरी जाऊच दिलं नाही कोणी. तिथेच फळीवर शेवटची स्थिती मांडायला लावली. मांडली, आणि दोन तट पडले. गाडीवान म्हणाले पोरीने रीत पाळली. कारकून मंडळी म्हणाली रीत गेली चुलीत, वजीर टाकायचा होता. आवाज चढले. एकाने दुसऱ्याच्या जुन्या हरलेल्या डावांचा उद्धार केला. त्या गलक्यात कोणाचं लक्ष नव्हतं, आणि अचानक सगळे एकदम गप्प झाले. मागे वळून पाहिलं तर आत्याबाई. पदर खोचलेला, हाताला पीठ. त्या ओट्याशी कधी म्हणजे कधीच आल्या नव्हत्या.

जिंकली का हरली, एका शब्दात सांगा, असं त्यांनी विचारलं. बाबांनी सगळी तालीम केलेली, पण तोंडातून 'बरोबरी' एवढंच निघालं. बरोबरी म्हणजे काय, ते चौकीदाराने सांगितलं. मग त्यांनी पीठभरल्या बोटाने विचारलं, यात वजीर कोणता, प्यादं कोणतं, आणि कोणाच्या हातात काय होतं. बाबांचा स्वभाव असा, की विचारलं की खरं सांगून मोकळे. वजिराने कशी एका चालीत मात होती तेही दाखवलं, अगदी सोंगटी उचलून. मी डोळे मिटले. पट माळ्यावर चढताना मला दिसत होता.

आत्याबाईंनी पटाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हातात वजीर असतानी प्याद्याले पुढं करते, मंजे तुले अक्कल नाई. ते येत नाई तोपर्यंत बस इथीच खेळत. घरात बिनअकलेचा एक तुहा बाप हाय तेवढा पुरे."